मल्लव्वाचा दोनशे चाळिसावा दिवस

बदली या शब्दावर माझा लहानपणापासून राग आहे. माझे वडील शिक्षक होते. दर दोन-तीन वर्षांनी एक लिफाफा यायचा आणि आई काही न बोलता माळ्यावरची ट्रंक खाली काढायची. मोडनिंबला मी दुसरी शिकले, करमाळ्याला पाचवी. जिवाभावाची म्हणावी अशी मैत्रीण कुठेच झाली नाही, कारण ती होईपर्यंत पुढचा लिफाफा यायचा. तेव्हाच मी ठरवलं होतं, की मोठी झाल्यावर एका गावात एका खुर्चीत बसायचं आणि निवृत्तीच्या दिवशीच तिच्यातून उठायचं.

तशी खुर्ची मिळालीही. सोलापुरात एका ट्रस्टच्या दवाखान्यात मी हजेरी क्लार्क म्हणून लागले, त्याला एकोणतीस वर्षं झाली. दवाखान्याचं नाव सांगण्यात काही हशील नाही. तिथे पहिल्याच दिवशी माझा हा जुना वैरी वेगळाच अंगरखा घालून समोर आला. हेडक्लार्कनं खिडकीतून मागच्या फाटकाकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "त्या लिंबाखाली उभ्या आहेत ना, त्या बदल्या."

आमच्याकडे कायम आया चौदा. त्यातली एखादी आली नाही, की तिच्या जागी बाहेरची एक घ्यायची, तेवढ्या दिवसापुरती. या बाहेरच्या बायका म्हणजे बदल्या. सकाळी साडेसहाला पाच-सहा जणी लिंबाखाली येऊन थांबायच्या. सव्वासातला कायम आयांची हजेरी बंद झाली, की मी रजिस्टर घेऊन पायरीवर जायचे आणि पुकारायचे, "पार्वतम्माच्या बदली, मल्लव्वा." जिचं नाव घेतलं ती आत यायची. बाकीच्या कोपऱ्यावरच्या गाड्यावर अर्धा अर्धा चहा घेऊन घरी जायच्या. वॉर्डातल्या तक्त्यावर त्या दिवशी लिहिलेलं असायचं, 'पार्वतम्मा (बदली)'. आलेल्या बाईचं नाव तिथे कुणी लिहीत नसे. नवीन नर्स मुली तर सरळ म्हणायच्या, "ए बदली, बेडपॅन घे."

मल्लव्वा अशी एकोणीस वर्षं 'ए बदली' होती.

ती अक्कलकोटच्या पलीकडच्या एका गावची. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि रागावली की दोन्ही बंद. उंच, हाडापेरानं मोठी, तळहात पाटासारखे रुंद. नवरा तिशीतच गेला. एक मुलगी, तिचं लग्न करून दिलेलं. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटला ती एकटी कुशीवर वळवायची आणि त्याला कळायचंही नाही. मोठ्या डॉक्टरीणबाई राउंडला आल्या की विचारायच्या, "आज उंच बाई आहे ना?" नाव त्यांनाही ठाऊक नव्हतं.

आता नियम सांगते, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खात होतं. आमच्या ट्रस्टचा नियम असा, की एप्रिल ते मार्च या वर्षात ज्या बदलीचे दोनशे चाळीस दिवस भरतील तिला कायम करायचं. मात्र तिला वयाची पंचावन्न वर्षं पूर्ण झालेली नसावीत. कागदावर नियम सोन्यासारखा आहे. पण त्याच्या पोटात दुसरा एक तोंडी नियम होता, की दोनशे पस्तीसला पोचली की तिला थांबवायचं. मग एप्रिलमध्ये पाटी कोरी, मोजणी एकपासून.

हे थांबवायचं काम माझं. मी रजिस्टर मिटायचे, बाईला बाजूला घ्यायचे आणि सांगायचे, "उद्यापासून येऊ नकोस, एप्रिलमध्ये ये." मल्लव्वाला हे मी बारा वेळा सांगितलं. दुसऱ्या बायका भांडायच्या, रडायच्या, एकीनं तर मला माझ्या तोंडावर शिव्याशाप दिले. मल्लव्वा पदर खोचायची आणि म्हणायची, "बरं. एक तारखेला येऊ की दोन?" शिव्या मी पचवल्या. हे 'बरं' मला पचत नव्हतं.

तिची एक रीत होती, तीही सांगायला हवी. लिंबाखालच्या बाकीच्या विचारायच्या, "आज कोण आलं न्हाय?" मल्लव्वानं हा प्रश्न कधी विचारला नाही. ती विचारायची, "जागा हाय का?" आणि ज्या आयेच्या जागी दिवस मिळाला, ती आजारी असेल तर संध्याकाळी ड्यूटी सुटल्यावर तिच्या घरी जायची. सोबत एक लिंबू आणि कागदाच्या घडीत भस्म. कपाळाला लावायचं, घटकाभर बसायचं, हाताशी काम असेल ते करायचं आणि परत यायचं.

मी तिची थट्टा करायचे. "तुला काय डॉक्टरांनी घरच्या व्हिजिटा लावून दिल्यात का गं?"

"बाई," ती म्हणायची, "ती पडली म्हणून मला भाकरी मिळाली. तिच्या उंबऱ्याला एकदा जायला नको? न्हायतर ती भाकरी अंगी लागत न्हाय."

आमची श्रीदेवी नावाची एक आया आहे, जिभेची तिखट. मल्लव्वा चादरी नीट घालत नाही म्हणून तिनं एकदा लेखी तक्रार केली होती. तिची सासू वारली तेव्हा ती आठ दिवस आली नाही. आठही दिवस मल्लव्वानं तिच्या जागी काम केलं आणि आठही संध्याकाळी तिच्या घरी जाऊन आल्यागेल्यांची भांडी घासली. श्रीदेवी परत आली ती मल्लव्वाशी एक शब्द न बोलता कामाला लागली. मला वाटलं, काय हे माणूस.

हे असंच चाललं असतं. पण तीन वर्षांपूर्वी माझं आमच्या व्यवस्थापकांशी, चिंतामणीसाहेबांशी, रजेच्या एका अर्जावरून वाजलं. साहेब आवाज चढवत नाहीत, सही करतात. मला सहा महिने मोडनिंबच्या उपकेंद्रात पाठवलं, तिथला क्लार्क लांबच्या रजेवर होता म्हणून. तिथे सगळे मला 'बदलीवरच्या बाई' म्हणायचे. टेबलाचा खण त्याचा, त्यात त्याचा चष्मा, भिंतीवर त्याच्या मुलाचा फोटो. सहा महिन्यांत एकानंही मला नावानं हाक मारली नाही. मी छप्पन्न वर्षांची बाई, संध्याकाळी हायवेवरच्या एसटीच्या थांब्यावर उभी राहून रडायचे. घरी नवऱ्याला हे कधी सांगितलं नाही.

सोलापूरला परत आले, रजिस्टर उघडलं आणि मल्लव्वाच्या नावासमोर पेन्सिलीनं केलेल्या माझ्याच अकरा खुणा पाहिल्या. सहा महिन्यांत माझी ही गत, आणि हिची इतकी वर्षं. मला माझीच लाज वाटली. पण लाज वाटणं आणि धाडस होणं यांत अंतर असतं. त्या मार्चमध्येही मी तिला थांबवलं. ती बारावी वेळ.

गेल्या वर्षी मात्र वेळच उरली नाही. मल्लव्वाची जन्मतारीख एक जून, शाळेत मास्तरांनी सगळ्यांचीच लिहिली होती तशी. पुढच्या जूनमध्ये तिला पंचावन्न पूर्ण होणार होती. म्हणजे हे शेवटचं वर्ष. यात भरले तर भरले, नाहीतर ती मरेपर्यंत बदली.

मी कुणाला काही बोलले नाही. दर महिन्याचा तक्ता साहेबांकडे जायचा, त्यात त्या महिन्याचे दिवस असायचे. वर्षाची बेरीज मी वेगळ्या कागदावर करून द्यायची, अशी पद्धत. तो कागद मी दिला नाही. साहेबांनी मागितला नाही, आणि मी न मागता कशाला देऊ?

मार्चमध्ये कायम आया उरलेल्या रजा संपवतात, त्यामुळे बदल्यांना रोज दिवस मिळतो. मल्लव्वाचे दिवस भराभर चढू लागले. पंचवीस तारखेला साहेब माझ्या टेबलापाशी थांबले. "मालतीबाई, दोनशे पस्तीसच्या पुढे कुणी गेलं नाही ना?"

त्या दिवशी मल्लव्वाचे दोनशे चौतीस होते. मी म्हणाले, "नाही साहेब." बोलले ते खरंच होतं. पण साहेब केबिनमध्ये गेल्यावर मी रजिस्टर खणात टाकून कुलूप लावलं.

सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस. अठ्ठावीसला पार्वतम्मा तापानं पडली आणि मला हायसं वाटलं. दुसऱ्याच्या तापानं हायसं वाटावं, इथवर मी आले होते. तीस तारखेला मल्लव्वाचे दोनशे एकोणचाळीस झाले. एकच दिवस हवा होता, आणि तो एकतीसचाच हवा होता.

त्यात साहेबांचं परिपत्रक निघालं. एकतीसला विश्वस्तांची भेट आहे, सर्व कायम कर्मचाऱ्यांनी हजर राहावे, गैरहजर राहणाऱ्यास मेमो. आणखी एक ओळ होती, की हजेरीच्या मशीनवर अंगठा नसल्यास कोणतीही सबब न ऐकता गैरहजर धरले जाईल. म्हणजे एकतीसला कुणी घरी बसणार नव्हतं. एक पार्वतम्माच काय ती अंथरुणात होती. सगळी भिस्त तिच्या तापावर.

तीस तारखेला दुपारी मी मल्लव्वाला जिन्याखाली गाठलं.

"हे बघ, उद्याचा दिवस मिळाला की तुझे दोनशे चाळीस भरतात. कुणाला बोलू नकोस."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या हातात फिनेलची बादली होती, ती तिनं हळूच खाली ठेवली.

"पार्वतम्मा तीन दिवस पडून आहे," मी म्हणाले, "उद्याही उठायची नाही. पण माझं एक ऐक. आज तिच्याकडे जाऊ नकोस. एक दिवस तुझी ती रीत राहू दे बाजूला."

मल्लव्वानं बादली उचलली. 'बरं' सुद्धा म्हणाली नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

एकतीसला मी पावणेसातला पोचले, तर साहेब माझ्या आधी आलेले. मशीनसमोर खुर्ची टाकून बसले होते, मांडीवर यादी. खिडकीतून लिंब दिसत होता. खाली पाच बायका, त्यात मल्लव्वा सगळ्यांत मागे, हात पदराखाली. सात वाजता मशीन सुरू झालं. एकेक आया येऊन अंगठा लावू लागली. मशीन थँक्यू म्हणायचं आणि साहेब यादीवर टिक करायचे. दोन, चार, पाच. माझं लक्ष पार्वतम्माच्या नावापुढच्या कोऱ्या चौकोनावर होतं.

सात वाजून चार मिनिटांनी पार्वतम्मा दारातून आत आली. केस विंचरलेले, कपाळावर भस्माची ताजी पट्टी.

"अगं, तू?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"उतरला की ताप," ती हसत म्हणाली. "मल्लव्वा आली होती काल. काढा करून पाजला, पाय चेपत बसली, अंग पुसून दिलं. सकाळी उठले तर अंग गार. साहेबांचं परिपत्रक हाय म्हटल्यावर आले बघा."

मी काही म्हणायच्या आत तिनं अंगठा लावला. मशीन थँक्यू म्हणालं. साहेबांनी टिक केली आणि म्हणाले, "शाब्बास, याला म्हणतात ड्यूटी."

मल्लव्वाच्या झिंज्या उपटाव्यात, असं मला वाटलं. सांगितलं होतं ना तिला? एवढं स्पष्ट सांगितलं होतं. आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेणारी माणसं मी पाहिली आहेत, पण आधी तो धोंडा पाटीत घालून लिंबू-भस्मासकट दुसऱ्याच्या घरी नेणारी हीच एक.

साहेब समोर, त्यामुळे बोलायची सोय नाही. मी थर्मास उचलला, पार्वतम्माच्या हातात दिला आणि "साहेबांना चहा आणा" म्हणत तिला दारापर्यंत सोडायला गेले. उंबऱ्यावर तिच्या कानात सांगितलं, की मल्लव्वाचा आजचा दिवस शेवटचा, तो भरला तर ती कायम होते, आणि तो तुझ्या जागेवर मिळणार होता.

पार्वतम्माचा चेहरा पडला. "आणि ती माझंच अंग पुसत बसली? मला बोलली न्हाय की काही."

"आता कोण राहिलंय?" मी विचारलं, पण उत्तर मलाच ठाऊक होतं. आत येऊन यादी पाहिली. तेरा टिका. एकच चौकोन कोरा, श्रीदेवीचा.

श्रीदेवी रोज शेवटच्या मिनिटाला येते. त्या वर्षात तिला दोन मेमो मिळालेले होते. तिसरा म्हणजे वर्षाची पगारवाढ गेली, आणि वर चौकशी. ती कशाला चुकवेल?

सात दहा झाले. खिडकीतून मला दिसलं, थर्मास हातात तसाच, आणि पार्वतम्मा फाटकाबाहेर रस्त्याच्या मध्ये उभी. सात अकराला नवी पेठेकडून येणारी रिक्षा थांबली आणि श्रीदेवी उतरली. पार्वतम्मानं तिचा दंड धरला. काय बोलत होती ते मला ऐकू येत नव्हतं, पण ती लिंबाकडे हात करत होती. श्रीदेवीनं दंड सोडवून घेतला. तेवढ्यात मल्लव्वा झाडाखालून धावत तिथे गेली. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला धावताना पाहिलं. मला वाटलं, आता ती हात जोडेल, पाया पडेल. पण तिनं पार्वतम्मालाच बाजूला ढकललं आणि श्रीदेवीला आत जायची वाट करून दिली.

तिथे काय बोलणं झालं ते पार्वतम्मानं मला नंतर सांगितलं. मल्लव्वा म्हणाली होती, "जा तू आत, श्रीदेवी. तुला मेमो मिळंल. माझ्यापायी कुणी घरी बसायचं न्हाय. जागा असंल तर असंल, न्हायतर न्हाय."

श्रीदेवी आत आली. तोंड नेहमीसारखंच आंबट. सात तेरा. साहेबांनी घड्याळ तिच्यापुढे नाचवलं. "या बाईसाहेब, या. तुमचीच वाट बघत होतो."

ती मशीनपुढे उभी राहिली. पदरानं हात पुसला. अंगठा लावला.

'प्लीज ट्राय अगेन,' मशीन म्हणालं.

तिनं पुन्हा पुसला, पुन्हा लावला. 'प्लीज ट्राय अगेन.'

"नीट दाबा," साहेब म्हणाले.

"दाबतीया की साहेब. भांडी घासून घासून रेघाच उरल्या न्हाईत."

तेव्हा माझं लक्ष गेलं. मशीन आलं त्या दिवशी सगळ्यांचे अंगठे मीच नोंदवले होते, सगळ्यांचे उजवे. श्रीदेवी डावा लावत होती. उजवा हात तिनं पदराखाली घट्ट मुठीत धरला होता.

मी खाली बघितलं. मला साहेबांकडे बघायची भीती वाटत होती आणि तिच्याकडे बघायचीही. तिसऱ्यांदा मशीननं तेच सांगितलं. चौथ्यांदा ती अंगठा लावणार तेवढ्यात टुक् असा आवाज झाला आणि पडदा काळा झाला. सव्वासात.

"असू दे, मालतीबाई, हिला हातानं लिहा," साहेब म्हणाले. "आलेली आहे, मी बघतोय ना."

बोलायचं तर आता, नाहीतर कधीच नाही. मी परिपत्रकाचा कागद उचलला आणि त्यांच्यापुढे धरला. "साहेब, तुमचीच सही आहे. मशीनवर अंगठा नसेल तर कोणतीही सबब न ऐकता गैरहजर. आज हिचं लिहिलं तर उद्या सगळ्या रांग लावतील."

साहेबांनी कागद वाचला. स्वतःचीच सही बघून त्यांना थोडं बरंही वाटलं असावं. बाहेर विश्वस्तांची गाडी वाजली आणि ते खुर्चीतून उठले. "बरोबर आहे. हिला मेमो काढा. बदली घ्या कुणीतरी."

श्रीदेवी माझ्याकडे न बघता बाहेर गेली. मी रजिस्टर घेऊन पायरीवर आले.

"श्रीदेवीच्या बदली, मल्लव्वा."

फाटकातून एक जण बाहेर गेली आणि एक जण आत आली. जाताना श्रीदेवी तिला एवढंच म्हणाली, "संध्याकाळी लिंबू घिऊन यायचं न्हाय हां. मी आजारी न्हाय." तरी मल्लव्वा संध्याकाळी गेलीच.

एप्रिलमध्ये वर्षाची बेरीज गेली आणि व्हायचं ते झालं. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्यांच्यापुढे तक्ता होता आणि बोट दोनशे चाळीसवर.

"हे काय आहे?"

"बेरीज आहे, साहेब."

"मी तुम्हाला पंचवीस तारखेला विचारलं होतं."

"पंचवीस तारखेला चौतीस होते."

त्यांनी तक्ता पुन्हा वरपासून खालपर्यंत तपासला. नियम ट्रस्टचा होता, रजिस्टरवर श्रीदेवीची गैरहजेरी होती, आणि 'बदली घ्या' हे त्यांनी स्वतः सगळ्यांसमोर म्हटलं होतं. बोट ठेवायला जागा नव्हती. मग ते नेहमीच्या शांत आवाजात म्हणाले, "करमाळ्याच्या उपकेंद्राला अनुभवी माणूस हवंय. तुमचं नाव सुचवतो." माझी निवृत्ती दीड वर्षावर आलेली. नवऱ्याचे गुडघे गेलेले, जिना उतरायचा तर माझा खांदा लागतो. हे साहेबांना ठाऊक होतं.

दोन्ही कागद एकाच दिवशी निघाले, सत्तावीस मेला, मल्लव्वाच्या एक जूनला पाच दिवस राहिले असताना. तिचा कायम झाल्याचा आणि माझा करमाळ्याचा. तिला छातीवर लावायला पट्टी मिळाली, निळ्यावर पांढऱ्या अक्षरांत, 'मल्लव्वा'. ती पट्टी मी तिला माझ्या हातानं दिली. तिनं ती उलटसुलट करून पाहिली आणि मला विचारलं, "कुठलं अक्षर कुठलं?" मी बोट ठेवून दाखवलं.

संध्याकाळी मी घरी आले ती धुमसतच. खरं सांगते, त्या दिवशी मला चांगलं काही केल्याचं समाधान वगैरे वाटत नव्हतं. मी स्वतःवर चिडले होते, साहेबांवर चिडले होते, आणि मनातल्या मनात मल्लव्वावरही. काय अडलं होतं माझं? एकोणतीस वर्षं एक खुर्ची सांभाळली आणि शेवटी परत तोच लिफाफा, तेच करमाळं. नवऱ्यानं विचारलं, "जायलाच हवं का?" मी त्याच्यावरही ओरडले.

तेवढ्यात दार वाजलं. उघडलं तर मल्लव्वा. दोन जिने चढून आल्यानं धापा टाकत होती. पट्टी अजून छातीवर होती, थोडी तिरकी. हातात फडक्यात बांधलेल्या कडक भाकरी, शेंगाचटणीची पुडी, आणि वर एक लिंबू.

"अगं, मी काय आजारी आहे का?" मी म्हणाले. आवाज मला हवा होता तेवढा तिखट निघाला नाही.

"न्हाय की. ठाऊक हाय मला." ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. "पण तुमची खुर्ची गेली म्हणून माझी जागा आली. मग हितं यायला नको?"

तिनं कागदाची घडी उलगडली, चिमूटभर भस्म घेतलं आणि माझ्या कपाळाला लावलं. हात रुंद, खरबरीत, फिनेलचा वास येणारा. त्या हाताखाली माझा सगळा ताठा गेला आणि मी दारातच रडायला लागले. पेशंटच्या पाठीवर ठेवते तसा तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि रडणं होईपर्यंत तिथेच उभी राहिली.

मग मी डोळे पुसले आणि तिला आत घेतलं. माळ्यावर आईची ती जुनी ट्रंक होती, तिच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ती काढायची आहे. जरा खालून धर."

"सरका तुमी," ती म्हणाली, आणि तिनं एकटीनंच ती खाली उतरवली.